कौशल्याबाईंची मिठाची मूठ

कौशल्याबाई पेंडशांनी अठ्ठावीस वर्षांत एकदाही लोकांच्या घरचा स्वयंपाक चाखून पाहिला नव्हता. त्यांचा व्यवसायच स्वयंपाकाचा, त्यामुळे हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटे. सदाशिव, नारायण आणि शनिवार या तीन पेठांतल्या साठ-सत्तर घरी त्या कुळधर्माला, सणावाराला आणि पितृपक्षात सोवळ्यातला स्वयंपाक करायला जात. सोवळ्यातला म्हणजे आंघोळ करून, धुतलेलं वेगळं लुगडं नेसून, नैवेद्य दाखवून होईपर्यंत स्वतः पाण्याचा घोटही न घेता केलेला. नैवेद्याआधी अन्न उष्टं करायचं नाही, म्हणजे चव बघायची नाही. तिखट डोळ्यांनी कळायचं, आंबट वासानं, आणि मीठ मुठीनं. पाच पानं असोत की पन्नास, त्या डब्यात हात घालत, मूठ मिटत, थोडं सैल सोडत आणि टाकून मोकळ्या होत. त्यांच्या मुठीबद्दल पेठांमध्ये आदरानं बोललं जाई, आणि पेठांमध्ये आदरानं कशाबद्दलच फारसं बोललं जात नाही.

त्या वर्षीच्या चैत्रापासून त्यांना थकवा येऊ लागला. आधी दुपारी, मग सकाळीच. वजन अठ्ठावन्नचं एकोणपन्नास झालं. चेहरा काळवंडला, हाताच्या पेरांवर आणि जुन्या भाजल्याच्या डागांवर शाईसारखा रंग चढला. शेगडीसमोर उभ्या राहणाऱ्या बाईचा रंग उतरायचाच, असं सगळ्यांनी धरलं. नेहमीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि वयाचा भाग म्हणून सांगितलं. खाली वाकून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येई, तेव्हा त्या ओट्याची कड धरून दहा आकडे मोजत आणि पुढचं काम घेत. त्यांचे यजमान दिगंबरपंत एका छापखान्यात प्रूफं तपासून निवृत्त झाले होते. बायको दुपारी तीन तास झोपते म्हटल्यावर ते म्हणाले, अखेर ही पुण्याची झाली म्हणायची.

तशातच पितृपक्ष आला. पंधरवड्यातली चौदा घरं ठरलेली होती आणि कौशल्याबाईंनी एकही सोडलं नाही. सप्तमीला कुसुमताई लिमयांकडे त्यांच्या यजमानांचं श्राद्ध झालं. अष्टमीला एक घर, नवमीला दुसरं. दशमीपासून फोन यायला लागले. एका घरी म्हणे या वर्षी बाहेरून डबा आणायचं ठरलं, दुसऱ्या घरी सुनेलाच हौस आली होती, तिसऱ्यांनी कारणच सांगितलं नाही. बाईंना काही कळेना. कोणी तक्रार केली नव्हती. अर्थात श्राद्धाच्या पंगतीत तक्रार होतच नाही. तिथं अन्नाची वाखाणणी करायची नाही आणि नावंही ठेवायची नाहीत, गुपचूप जेवून उठायचं, हा नेमच आहे.

त्रयोदशीला शनिवार पेठेतल्या एका इमारतीचा जिना उतरताना त्या दुसऱ्या मजल्यावर बसल्या त्या उठल्याच नाहीत. वॉचमननं त्यांच्या पिशवीतल्या फोनवरून दिगंबरपंतांना कळवलं. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तदाब वरचा सत्तर होता. रक्तातलं सोडियम खूप खाली, पोटॅशियम वर. सलाइन लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या ग्रंथींच्या तज्ज्ञ डॉक्टर श्रद्धा नागरगोजे येऊन उभ्या राहिल्या. तिशीतल्या, बीडकडच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी तपासलंच नाही. बाईंचे दोन्ही तळवे उजेडात धरले आणि रेषांमधला काळा रंग बघितला. मग ओठ वर करून हिरड्या बघितल्या.

"काकू, मीठ खावंसं वाटतं का हो?" त्यांनी विचारलं.

कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग छताकडे. उत्तर दिलं मुलीनं. ऋचा खराडीला एका कंपनीत काम करायची, सकाळी आठला बाहेर पडून रात्री नऊला परतायची. ती म्हणाली, "लोणच्याच्या बरणीतला खार संपलाय. फोडी तशाच आहेत."

मग बाईंनी कबूल केलं की कामावरून परतताना त्या पदराला बांधलेलं खडेमीठ जिभेवर ठेवत, आणि ते विरघळेपर्यंत घर यायचं. हे सांगताना त्यांना चोरी पकडल्यासारखी लाज वाटली. डॉक्टरांना मात्र त्यात लाज दिसली नाही. त्यांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. त्यातली एक सकाळी इंजेक्शन देऊन अर्ध्या आणि एका तासानं पुन्हा रक्त घेण्याची होती. चार दिवसांनी उत्तर मिळालं. अधिवृक्क ग्रंथी निकामी झाल्या होत्या. क्षयामुळेही असं होतं म्हणून तेही तपासलं, पण ते नव्हतं. शरीरानं स्वतःच आपल्या ग्रंथींना परकं समजून त्यांच्यावर हल्ला केला होता. या आजाराला ॲडिसनचा आजार म्हणतात.

डॉक्टरांनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक टोपी. दिगंबरपंत चष्मा सारून म्हणाले, "टोपी की पगडी?" डॉक्टर म्हणाल्या, तुम्हाला पुण्याची हवी तर पगडी समजा. या पगड्यांमधून एक रस निघतो तो शरीराला ताण सोसायचं बळ देतो. ताप, मार, धक्का, नुसतं सकाळी उठून उभं राहणंसुद्धा त्याच्या जोरावर. दुसरा रस मीठ धरून ठेवतो. काकूंच्या शरीरात दोन्ही जवळजवळ संपले होते. मीठ लघवीवाटे वाहून जात होतं, म्हणून शरीर मीठ मागत होतं. आता ते दोन्ही रस गोळ्यांनी भरायचे, रोज, आयुष्यभर.

कौशल्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, कामाला कधी जाऊ. डॉक्टर म्हणाल्या, आधी गोळ्या शिका, मग काम बोलू.

घरी आल्यावर आठ-दहा दिवसांत अंगात उभं राहायचं बळ आलं. एका सकाळी त्यांनी आमटी केली. दिगंबरपंतांना रक्तदाबाचा त्रास होता, त्यांची आमटी वर्षानुवर्षं मीठ घालायच्या आधीच वाटीत काढून ठेवली जाई. ऋचा दोन्ही वेळा कंपनीत जेवायची आणि रविवारचा स्वयंपाक तीच करायची. म्हणजे बाईंच्या हातचं मीठ घरात बाईंशिवाय कोणाच्याच तोंडात जात नव्हतं. त्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी मूठ घातली, ताट वाढून घेतलं, पहिला घास घेतला आणि तो गिळता येईना.

त्या तशाच पाटावर बसून राहिल्या. मग हळूहळू उलगडलं. उन्हाळ्यापासून कामावरून घरी परतल्यावर त्यांना स्वतःच्या हातचं अळणी लागायचं, आणि दुसऱ्या दिवशी लोकांच्या घरी मूठ थोडी कमी सैल सुटायची. अशी महिन्यामागून महिना ती मूठ भरत गेली. त्या चाखत नव्हत्या, लोक बोलत नव्हते. पंधरवड्यातली घरं एकामागून एक डोळ्यांपुढे आली, आणि प्रत्येक घरात पाण्याच्या तांब्याकडे जाणारे हात.

तिसऱ्या दिवशी त्या कुसुमताईंकडे गेल्या. कुसुमताई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मुलगा-सून बाणेरला, त्या सदाशिव पेठेतल्या तीन खोल्यांत एकट्या. पेठांमध्ये स्वयंपाकाला कोणाला बोलवावं हे बऱ्याचदा त्यांच्या फोनवरून ठरे. त्यांनी ज्या बाईला एकदा वगळलं तिला दुसरं घर मिळणं कठीण होतं, हे कौशल्याबाईंना चांगलं माहीत होतं.

"सप्तमीला खारट झालं होतं का?" त्यांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"श्राद्धाच्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत, म्हणून मी गप्प बसले," कुसुमताई म्हणाल्या. "गुरुजींनी चार तांबे पाणी संपवलं. आमच्यांना वर पाण्याची सोय असेल असं धरून चालले."

कौशल्याबाईंनी आजार सांगितला, पगड्यांसकट. कुसुमताईंनी विचारलं, "मग आता बऱ्या झालात?"

"बरी होणार नाही. पण नीट राहीन."

"राहून दाखवा. पुढच्या सप्तमीला वर्ष आहे."

बाई जिना उतरल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच तिथी होती. पुढल्या भाद्रपदातली वद्य सप्तमी. त्या दिवशी कुसुमताईंच्या ओट्यापाशी उभं राहायचं. तिथं उभं राहता आलं तर बाकीची घरं येतील, नाही आलं तर अठ्ठावीस वर्षांचं काम संपलं.

गोळ्या शिकणं वाटलं होतं त्यापेक्षा जड गेलं. एक गोळी उठल्या उठल्या, दुसरी बाराला, तिसरी संध्याकाळी पाचला. मीठ धरून ठेवणारी निराळी गोळी सकाळच्या गोळीबरोबर. दिगंबरपंतांनी मोठ्या अक्षरांत तक्ता करून स्वयंपाकघराच्या दाराला लावला आणि त्यात एकही चूक राहिली नाही, हे तीनदा तपासून सांगितलं. शेजारचे बाबुराव तक्ता वाचून म्हणाले, अहो, हे तर स्टेरॉइड, याची सवय लागते, सोडा. दिगंबरपंत म्हणाले, "तुम्ही चष्मा सोडा बाबुराव, मग ही गोळ्या सोडेल." जेवणाच्या पाटावर आता एकीनं मीठ टाळायचं नव्हतं आणि एकानं खायचं नव्हतं. सरासरी बरोबर येते, असं पंत म्हणत.

मार्गशीर्षात शनिवार पेठेत एक लहान कुळधर्म मिळाला. सहाच पानं. नव्या बिऱ्हाडाचं घर होतं, त्यांच्या कानावर मागचं काही गेलं नव्हतं. कौशल्याबाई पहाटेची गोळी घेऊन गेल्या. बारा वाजले तेव्हा पुरण शिजत होतं. नैवेद्याआधी तोंडात काही घालायचं नाही. गोळी घ्यायची तर पाणी प्यायला हवं, प्लास्टिकच्या पाकिटाला हात लागायला हवा. त्यांनी ठरवलं, नैवेद्य झाला की घेऊ. नैवेद्य पावणेदोनला झाला. शेवटच्या चार पोळ्या त्यांनी भिंतीला खांदा टेकून लाटल्या, आणि गोळी घेतली तेव्हा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या तपासणीत त्यांनी हे डॉक्टरांना सांगितलं, कारण लपवायची सवय नव्हती. श्रद्धाताई चिडल्या नाहीत, पण लिहायचं पेन खाली ठेवलं.

"काकू, तुमच्या आमटीत डाळ नसेल तर ती आमटी होईल का? ही गोळी म्हणजे वरून घालायचं औषध नाही. तुमच्या अंगात जे रोज आपोआप बनायला पाहिजे, ते आपण बाहेरून घालतोय. दोन तास उशीर म्हणजे दोन तास तुम्ही त्याच्याशिवाय उभ्या होतात. त्या वेळात हात भाजला असता, पाय घसरला असता, तर मागच्यासारखं जिन्यावर नसतं थांबलं."

सोवळ्याशी कौशल्याबाईंचं नातं भीतीचं नव्हतं, अभिमानाचं होतं. एवढं कडक कोणी करत नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यातच त्यांचं मोल होतं. दुसऱ्या दिवशी त्या श्यामसुंदर गुरुजींकडे गेल्या. कुसुमताईंकडचं श्राद्ध तेच चालवत. स्वयंपाक करताना गोळी घेतली तर सोवळं मोडतं का, असं त्यांनी सरळ विचारलं. गुरुजींनी आधी दार लोटून घेतलं आणि मग सांगितलं की औषधाला सोवळं-ओवळं लागू नाही. "मी स्वतः संकल्पाआधी साखरेची गोळी घेतो आणि दोन बिस्किटं खातो. तुम्हाला काय वाटलं, चार तास मंत्र नुसत्या पुण्याईवर म्हणतो?"

"तुम्ही दार लावून घेता. मी सांगून घेणार आहे," कौशल्याबाई म्हणाल्या.

आणि तसंच केलं. त्या दिवसापासून काम ठरवतानाच त्या सांगत, बारा वाजता मी पाच मिनिटं बसेन, गोळी घेईन, पाणी पिईन. चालत असेल तर बोलवा. दोन घरांनी नको म्हटलं. तिसऱ्या घरी चाललं. त्या दिवसापुरत्या आणि वर चार जास्तीच्या गोळ्या त्या पाकिटातून काढून चांदीच्या करंड्यात घेऊन जात. त्यामुळे प्लास्टिकचा प्रश्न मिटला.

मूठ परत आणायचं काम निराळं होतं. जिभेची चव पंधरा दिवसांत परतली होती, पण हात आपल्या नव्या सवयीला धरून होता. ऋचानं वजनाचा छोटा काटा आणला. वीस पानांच्या अळूला जेवढं मीठ लागावं असं बाईंना वाटे तेवढं त्यांनी मुठीनं काट्यावर टाकलं. पासष्ट ग्रॅम. ऋचानं रविवारी चाखून चाखून चाळीसवर नक्की केलं. बाई काट्याकडे एखाद्या उद्धट मुलाकडे बघावं तसं बघत राहिल्या. मग त्यांनी एक जुना पितळी चमचा घेतला, सपाट भरला की पाच ग्रॅम बसणारा, आणि प्रत्येक पदार्थाचे चमचे ठरवले. अठ्ठावीस वर्षं मापाला हसणारी बाई उन्हाळाभर चमचे मोजत होती. रविवारी चाखायला बसलेली ऋचा म्हणायची, आई, आता तुझी रेसिपी कोणालाही देता येईल. बाईंना ते मुळीच आवडत नसे.

तिसरी गोष्ट इंजेक्शन. ताप आला की गोळ्या दुप्पट करायच्या. अपघात, मोठं भाजणं, हाड मोडणं, तरी दुप्पट. गोळी उलटून पडली तर पुन्हा घ्यायची, आणि तीही पडली तर वाट बघायची नाही, मांडीत इंजेक्शन आणि तडक दवाखाना. डॉक्टरांनी पांढरी पूड असलेली कुपी, पाण्याची छोटी काचेची नळी आणि सुई कायम पिशवीत ठेवायला सांगितली, सोबत आजाराचं कार्ड. नर्सनं मोसंबीवर टोचायला शिकवलं. आठवडाभर दिगंबरपंतांच्या ताटात टोचलेली मोसंबी येत होती. साध्या पाण्यानंच टोचलेली, तरी खाण्याआधी ते विचारत, हिला आता बरं आहे ना.

आषाढात एकदा ताप आला. बाईंनी कोणालाही न विचारता गोळ्या दुप्पट केल्या, ठरलेलं एक काम स्वतः फोन करून सोडलं, तीन दिवस पडून राहिल्या आणि चौथ्या दिवशी उठल्या. काम आपण होऊन सोडण्याची ती पहिलीच वेळ. त्याचं वाईट वाटलं, पण तेवढंच.

श्रावण संपता संपता कुसुमताईंचा फोन आला. सप्तमीला या. बाराच्या गोळीचं मी ऐकलंय, त्याचं भाषण नको.

सप्तमीला त्या सात वाजता कुसुमताईंच्या ओट्यापाशी होत्या. भोपळा, गवार, कारलं, अळू, आमसुलाची चटणी, खीर. प्रत्येकात सपाट चमचे मोजून. बाहेरच्या खोलीत कुसुमताईंचा मुलगा पाटावर बसला होता आणि श्यामसुंदर गुरुजी श्राद्ध सांगत होते. सून बाणेरहून निघाली होती, वाहतुकीत अडकली होती. साडेअकराला कढी उकळायची आणि वडे तळायचे तेवढे राहिले होते.

अळवाचं पातेलं खाली उतरवताना सांडशी निसटली. पातेलं पडलं नाही, नुसतं कललं, आणि उकळतं अळू उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत आलं.

भाजणं त्यांना नवं नव्हतं. नेहमीच्या वेळी त्या हात नळाखाली धरून पुढच्या कामाला लागल्या असत्या. हात नळाखाली धरला तेव्हा कातडी सुटलेली दिसली आणि त्यांनी मनात म्हटलं, हे माझ्यासाठी साधं भाजणं नाही. डाव्या हातानं करंडा उघडला, बाराची गोळी दुप्पट करून घेतली आणि दिगंबरपंतांना फोन लावून रिक्षा घेऊन या म्हणून सांगितलं. मग पुन्हा हात पाण्याखाली धरला. पाच मिनिटांत अंग गार पडलं, आणि मोरीत दोन्ही गोळ्या उलटून आल्या. दुसऱ्यांदा घेतल्या. त्याही राहिल्या नाहीत.

कढईतलं तेल तापलं होतं. वड्यांचं पीठ झाकून ठेवलेलं. अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं, आणि पानं मांडली गेली असती. वर्षभर ज्या ओट्याची वाट पाहिली तो समोर होता. कौशल्याबाईंनी डाव्या हातानं गॅस बंद केला.

"कुसुमताई, इकडे या," त्यांनी हाक मारली. "हात धुवा, साबणानं."

"मी सोवळ्यात आहे."

"साबणानं."

कुसुमताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि साबण घेतला. बाई जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. उजवा हात ओल्या फडक्यात. पिशवीतला इंजेक्शनचा डबा त्यांनी पायानं पुढे सरकवला. पाण्याची नळी फडक्यात धरून मान मोडा, सुईनं पाणी ओढा, कुपीत सोडा, हलवा, पूड विरघळली की परत ओढा. एकेक गोष्ट त्या अशी सांगत होत्या, जशी नव्या सुनेला पुरण वाटायला सांगावं. काच मोडताना कुसुमताईंनी थेंबभर पाणी सांडू दिलं नाही.

"मला टोचता येणार नाही."

"मला तरी कुठं येत होतं. मांडीवर, बाहेरच्या बाजूला. लुगड्यावरून चालतं. पेन धरता तशी धरा आणि मध्ये थांबू नका."

कुसुमताईंनी ओठ घट्ट मिटले आणि टोचलं. बाहेर गुरुजींचा आवाज एक क्षण थांबला, मग पुढे सुरू झाला.

"आता कढी," कौशल्याबाई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "मंद आचेवर. फुटू द्यायची नाही. मीठ तीन चमचे. पितळी चमचा ओट्यावर आहे. सपाट. वड्याच्या पिठात घातलंय, त्यात पुन्हा घालू नका. अळू पुरेल, वर थोडं गरम पाणी घाला, मीठ नाही."

"बरं. तुम्ही आता गप्प बसा."

जिन्यावर दिगंबरपंतांची पावलं वाजली. त्यांनी बायकोला उठवताना काही विनोद केला नाही.

दवाखान्यात सलाइन लागलं, शिरेतून तेच औषध चालू झालं, हाताला मलम आणि पट्टी. श्रद्धाताई संध्याकाळी आल्या. त्यांनी रक्ताचे आकडे पाहिले, कार्ड पाहिलं, इंजेक्शन किती वाजता दिलं ते विचारलं. अकरा पन्नास, कौशल्याबाई म्हणाल्या. कोणी दिलं, यावर त्यांनी सांगितलं, एका सोवळ्यातल्या बाईनं. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या की रक्तदाब या वेळी पडलाच नाही. दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. आठवडाभर गोळ्या दुप्पट, मग पायरीपायरीनं खाली.

नवमीला दुपारी कुसुमताईंचा फोन आला. सुनेनं येऊन वडे तळले, वाकडे झाले. पानं उठल्यावर मी जेवले, कढी बरोबर होती.

"आणि पुढच्या वर्षी ती सुई सकाळीच मला काढून दाखवा," त्या म्हणाल्या. "ऐन वेळी शिकायचं माझं वय नाही."

कौशल्याबाईंनी फोन ठेवला. पंतांनी काय झालं विचारलं. पुढच्या वर्षी सप्तमी कोणत्या वारी येते ते बघा, एवढंच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पाचची गोळी घेऊन त्या खिडकीशी बसल्या असताना पुन्हा फोन वाजला. नारायण पेठेतल्या एका घरून होता, मागच्या वर्षी कारण न सांगता तोडलेलं घर. पलीकडची बाई घाईत होती. कुसुमताईंनी सांगितलंय तुम्हालाच विचारा म्हणून, एकादशीला जमेल का, माणसं फार नाहीत.

बाईंनी दाराच्या तक्त्याकडे पाहिलं, मग पट्टी बांधलेल्या हाताकडे. हातातून मधूनमधून कळ येत होती.

"एकादशीला नाही जमणार," त्या म्हणाल्या. "या पंधरवड्यात मी कुठेच जाणार नाही. नवरात्रात ललितापंचमीला मोकळी आहे. बारा वाजता मला पाच मिनिटं बसावं लागतं, गोळी असते. आणि तब्येत बिघडली तर मी मध्येच उठून जाईन, ते आधीच सांगते. चालत असेल तर बोला."

पलीकडच्या बाईनं घरात कोणाला तरी विचारलं. कौशल्याबाई थांबल्या, बोलायची घाई केली नाही. शेवटी ती बाई म्हणाली की ललितापंचमीलाच आमच्याकडे सवाष्ण असते, चालेल.

"पानं किती?" कौशल्याबाईंनी विचारलं, आणि डाव्या हातानं पेन्सिल उचलली.